ल्वांची सेवा : हैतीचा वोदू धर्म आज कसा पाळला जातो

हैतीतल्या एखाद्या वृद्ध स्त्रीला ‘तुमचा वूडूवर विश्वास आहे का?’ असे विचारले, तर तिला तो प्रश्नच चमत्कारिक वाटण्याची शक्यता अधिक. या परंपरेतली माणसे स्वतःबद्दल सांगताना ‘आम्ही ल्वांची सेवा करतो’ एवढेच म्हणतात. ल्वा म्हणजे देवता किंवा आत्मे, आणि सेवा म्हणजे त्यांच्यासाठी दिवा लावणे, नैवेद्य दाखवणे, ठरलेल्या दिवशी ठरलेला रंग नेसणे, वर्षाकाठी एकदा ढोल वाजवून त्यांना जेवू घालणे आणि त्यांनी अडचणीत मदत केली असेल तर ती न विसरणे. विश्वास मनात असतो, सेवा मात्र हातांनी, वेळच्या वेळी आणि खर्च सोसून करावी लागते. कुळाचार पाळणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला हा फरक फारसा समजावून सांगावा लागणार नाही, कारण नवरात्रात घट बसवणाऱ्या घराला ‘देवीवर तुमचा विश्वास आहे का’ असे कोणी विचारत नाही, घट कधी उठतात एवढेच विचारतात.

‘वूडू’ हे इंग्रजी चित्रपटांतून आपल्यापर्यंत आलेले रूप आहे. हैतीच्या क्रेयोल भाषेत उच्चार ‘वोदू’ असा होतो, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या ग्रंथसूचीतले जुने शीर्षक बदलून २०१२ मध्ये हेच रूप स्वीकारले. पुढे मीही तेच वापरतो.

शब्दाचे मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. आज जिथे बेनिन हा देश आहे, तिथे पूर्वी दाहोमेचे राज्य होते आणि तिथल्या फोन भाषेत ‘वोदून’ म्हणजे देवता. फ्रेंचांनी कॅरिबियन समुद्रातल्या सँ-दोमँग या वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, ऊस आणि कॉफीच्या मळ्यांवर राबवण्यासाठी गुलाम आणले, त्यांत फोन होते, योरुबा होते आणि कोंगो प्रदेशातलेही फार मोठ्या संख्येने होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या गुलामांची संख्या पाच लाखांच्या घरात होती आणि त्यांतले बहुसंख्य आफ्रिकेतच जन्मलेले होते. एकमेकांची भाषा न कळणारी ही माणसे एकाच झोपडवस्तीत कोंबली गेली, आणि प्रत्येकाने जे काही आठवणीत आणले होते ते सगळे एका समाईक रचनेत बसवले गेले. म्हणूनच वोदूमध्ये ल्वांचे गट ‘राष्ट्र’ या शब्दाने ओळखले जातात. दाहोमेकडचे शांत, पांढऱ्या रंगाचे ल्वा ‘रादा’ राष्ट्राचे, तर तापट, लाल रंगाचे आणि मळ्यांवरच्या जुलमाची आठवण बाळगणारे ल्वा ‘पेत्वो’ राष्ट्राचे. दोघांचे ढोल वेगळे, ताल वेगळे, मानपानही वेगळे.

फ्रान्सच्या राजाने १६८५ मध्ये काढलेल्या ‘कोड न्वार’ या फर्मानाने प्रत्येक गुलामाला कॅथलिक बाप्तिस्मा सक्तीचा केला. त्यामुळे ल्वांना संतांच्या तसबिरी मिळाल्या. पायाशी साप असलेला संत पॅट्रिक हा दांबाला या सर्पदेवतेचा झाला, घोड्यावर बसून तलवार उगारलेला संत जेम्स लोखंड आणि युद्धाच्या ओगूचा झाला, आणि गालावर दोन व्रण असलेली पोलंडमधली सावळी मेरी कष्टकरी, लढाऊ आई असलेल्या एझिली दांतोरची झाली. नेपोलियनने १८०२ नंतर हैतीत पाठवलेल्या पोलिश सैनिकांबरोबर ती तसबीर आली असे सांगतात. मालकांना फसवण्यासाठी गुलामांनी आपले देव संतांच्या आड लपवले, हे स्पष्टीकरण सर्वत्र वाचायला मिळते, पण ते मला अर्धेच पटते. कारण मालक जाऊन दोनशे वर्षे उलटली तरी तसबिरी गेल्या नाहीत. रविवारी चर्चमध्ये प्रसाद घेणारी बाई शनिवारी रात्री ढोलासमोर नाचलेली असते आणि तिला त्यात विसंगती दिसत नाही. हैतीत शंभरातले सत्तर कॅथलिक, तीस प्रॉटेस्टंट आणि शंभर वोदू, हा तिथला जुना विनोद आहे.

देव एकच आहे, आणि त्याचे नाव बोन्द्ये. तो चांगला आहे, पण फार दूर आहे, आणि माणसांच्या भाड्याच्या, तापाच्या, नवऱ्याच्या कटकटीत तो लक्ष घालत नाही. ते काम ल्वांचे. ल्वा सर्वशक्तिमान नसतात आणि निर्दोषही नसतात. त्यांना आवडीनिवडी आहेत, ते रुसतात, हट्ट करतात. एझिली फ्रेदाला गुलाबी रंग, अत्तर आणि गोड केक लागतो, आणि सगळे मिळूनही ती शेवटी रडते. शेतकऱ्यांचा ल्वा झाका निळे जाडेभरडे कपडे आणि खांद्यावर गवताची पिशवी घेऊन येतो, कोपऱ्यात बसून ताटातले भराभर खातो आणि कोणी आपल्याला फसवत तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघत राहतो. हा देव कोणी बसून रचलेला नाही, बाजारात फसवला गेलेला शेतकरी ज्यांनी पाहिला आहे त्यांचा तो देव आहे.

समारंभ कसा होतो, हे जरा जवळून पाहू. मंदिराच्या मंडपाला पेरिस्तिल म्हणतात आणि त्याच्या मधोमध पोतोमितान नावाचा खांब असतो. ल्वा या खांबातून उतरतात अशी समजूत आहे. पुरोहित पुरुष असेल तर तो ऊंगान, स्त्री असेल तर ती मांबो, आणि दोघांचा अधिकार सारखा. हातात मणी आणि सापाच्या मणक्यांची जाळी चढवलेला भोपळ्याचा खुळखुळा असतो. तो आसोन, त्यांच्या दीक्षेची खूण. सर्वांत आधी लेग्बाला हाक घातली जाते. तो काठी टेकत येणारा, डोक्यावर गवती टोपी असलेला म्हातारा, आणि दोन जगांमधले फाटक त्याच्या ताब्यात. त्याने वाट मोकळी केल्याशिवाय दुसरा कोणीही ल्वा येऊ शकत नाही. मग ऊंगान मक्याच्या पिठाची चिमूट घेऊन, अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून ते बारीक धारेने सोडत, जमिनीवर वेवे काढतो. प्रत्येक ल्वाची आकृती ठरलेली : एझिलीचे हृदय, समुद्राच्या आग्वेची शिडाची नाव, लेग्बाचा चौरस्ता. हात न थांबवता, कागदावर न बघता काढलेली ही रेषा पाहिली तर मराठी माणसाला रांगोळीच आठवेल. तिच्याप्रमाणे ही आकृतीही जपण्यासाठी नसते. थोड्याच वेळात नाचणाऱ्यांच्या अनवाणी पायांखाली ती पुसली जाते.

मग ल्वा येतो. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : अंगात येणे. क्रेयोलमध्ये ल्वा हा स्वार आणि ज्याच्या अंगात येतो तो त्याचा घोडा असतो. घोडा झालेल्या व्यक्तीला पुढचे काही आठवत नाही, आणि म्हणूनच ल्वाने जे सांगितले ते तिला नंतर इतरांकडून ऐकावे लागते. ल्वा आला की त्याला ओळखून त्याचे कपडे आणि वस्तू दिल्या जातात, आणि मग तो जमलेल्यांशी बोलतो. कोणाला औषध सांगतो, कोणाला आईला फोन करायला सांगतो, कोणाला सर्वांदेखत झापतो. बाहेरचा माणूस ढोल आणि नाच बघत राहतो, पण घरची माणसे या बोलण्यासाठी आलेली असतात. समारंभाचा निम्म्याहून अधिक वेळ हा सल्लामसलतीचा, भांडणे मिटवण्याचा आणि हास्यविनोदाचा असतो.

विनोदाचे खाते गेदे ल्वांकडे. ते मृतांचे प्रतिनिधी, आणि त्यांचा सण १ व २ नोव्हेंबरला येतो. जांभळे-काळे कपडे, पांढरी पूड फासलेले चेहरे, काळा चष्मा आणि तिखट मिरच्या मुरवलेली दारू घेऊन लोक पोर्ट-ओ-प्रिन्सच्या मोठ्या स्मशानभूमीत जातात. तिथे ज्याच्या अंगात गेदे आला आहे तो ती मिरचीची दारू पितो, तोंडाला चोळतो आणि भर गर्दीत असभ्य कोट्या करतो. मेलेल्याला कसली लाज, हा त्यामागचा साधा हिशेब. लहान मुले आजारी पडली तर त्यांना वाचवण्यासाठी याच चावट गेदेला साकडे घातले जाते.

ल्वा कोणाच्या वाट्याला येतो, हे बहुधा घराण्यावर ठरते. काहींना तो स्वप्नात दिसतो, काहींना कारण न सापडणाऱ्या आजारातून हाक घालतो. ही मागणी मान्य केलेल्यांपुढे कांझो ही दीक्षा असते. तिच्यात अनेक दिवस बंद खोलीत एकांत पाळावा लागतो. दुसरा एक विधी अधिक लोकांना परवडतो, तो ल्वाशी लग्न करण्याचा. अंगठी असते, साक्षीदार असतात, कागदावर करार लिहून सह्यासुद्धा होतात, आणि त्यानंतर आठवड्यातली ठरावीक रात्र माणसाला त्या ल्वासाठी राखून ठेवावी लागते. त्या रात्री खऱ्या नवऱ्याने किंवा बायकोने वेगळे झोपायचे. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या, एका खोलीत राहणाऱ्या जोडप्याला हे जमवताना काय कसरत करावी लागत असेल, याची कल्पना मुंबईकराला सहज यावी.

आणि इथेच आधुनिक जीवनाचा खरा प्रश्न सुरू होतो. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन भाग, मायामीचे लिटल हैती आणि कॅनडातले माँट्रियाल इथे हैतीचे लोक मोठ्या संख्येने राहतात, आणि ल्वा त्यांच्याबरोबर तिकडे गेले आहेत. पण पोतोमितान रोवायला तिथे अंगण नाही. समारंभ इमारतीच्या तळघरात होतो. ढोलाचा आवाज वर जाऊन शेजाऱ्याने पोलिसांना बोलावू नये म्हणून तो बेताने वाजवला जातो किंवा नुसत्या टाळ्यांवर आणि गाण्यावर भागवले जाते. तिथी कोणत्याही वारी आली तरी सण शनिवारी रात्री साजरा होतो, कारण सोमवारी सकाळी रुग्णालयातल्या कामावर हजर व्हायचे असते. वेदी कपाटाच्या आत मांडलेली असते. दार उघडले की तसबिरी, मेणबत्त्या, रमची बाटली, फ्लोरिडा वॉटर नावाचे सुगंधी पाणी आणि रेशमी रुमाल. दार लावले की घरमालकाला दिसते ते साधे कपाट. लागणारे सामान ‘बोतानिका’ नावाच्या दुकानांत मिळते, जिथे हैतीच्या मांबोच्या शेजारी क्युबन आणि डॉमिनिकन गिऱ्हाईकही उभे असते.

त्या क्युबन गिऱ्हाइकाची परंपरा वेगळी आहे. क्युबात योरुबा लोकांच्या ओरिशा देवतांची जी उपासना टिकली ती लुकुमी किंवा सांतेरिया, आणि ब्राझीलच्या बाइया प्रांतात जी टिकली ती कांदोंब्ले. वोदूशी त्यांचे नाते चुलतभावंडांचे आहे. ढोल, अंगात येणे, संतांच्या तसबिरी आणि पूर्वजांचा मान हे तिन्हीकडे आढळते, पण देवता, भाषा, दीक्षा आणि अधिकार स्वतंत्र आहेत, आणि एका परंपरेतला पुरोहित दुसरीकडे पुरोहित ठरत नाही. सगळ्यांना ‘वूडू’ या एका पोत्यात भरणे ही बाहेरच्यांची सवय आहे.

मात्र कायद्यापुढे या चुलतभावंडांपैकी एकाने जिंकलेली लढाई सगळ्यांच्या कामी आली. फ्लोरिडातल्या हायालिया शहरात १९८७ मध्ये लुकुमींनी बाबालू आये या देवतेच्या नावाने मंदिर उघडायचे ठरवले. बाबालू आये हा साथीच्या रोगांचा, विशेषतः देवीच्या रोगाचा स्वामी. (ज्या भाषेत रोगाचेच नाव ‘देवी’ आहे, तिच्या वाचकांना याचे नवल वाटू नये.) शहराने घाईघाईने पशुबळीवर बंदी घालणारे नियम केले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ११ जून १९९३ रोजी न्यायालयाने एकमताने ते नियम रद्द ठरवले. न्यायालयाचा मुद्दा साधा होता : शिकार चालते, मासेमारी चालते, ज्यू धर्माच्या पद्धतीचा खाटीकखाना चालतो आणि तेवढा हा बळी चालत नाही, तर नियमांचा रोख प्राण्यांच्या दयेकडे नसून एका धर्माकडे आहे. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०१९ मध्ये आफ्रिकी मुळांच्या धर्मांतला पशुबळी घटनेत बसतो असा निर्णय दिला. बळी दिलेली कोंबडी किंवा बकरा बहुतेक वेळा शिजवून जमलेल्यांना वाढला जातो, हे बातम्यांत क्वचितच येते. बळी योग्य की अयोग्य, यावर वाचकाचे मत काहीही असू शकते, पण प्रश्न सर्वांना एकाच मापाने विचारला जावा ही अपेक्षा रास्तच आहे.

हैतीत मात्र वोदूला स्वतःच्या देशाच्या कायद्याशी फार काळ झगडावे लागले, आणि याचा विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. ऑगस्ट १७९१ मध्ये ब्वा कायमाँ नावाच्या रानात बूकमान या पुढाऱ्याने आणि सेसिल फातिमान या मांबोने केलेल्या विधीतून गुलामांचे बंड सुरू झाले, ही हैतीची राष्ट्रकथा आहे, आणि त्या बंडातून १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र देश उभा राहिला. त्याच देशाच्या १८३५च्या दंडसंहितेने वोदूला जादूटोण्याच्या गुन्ह्यांत टाकले. १९१५ ते १९३४ या अमेरिकी ताब्याच्या काळात ढोल जप्त झाले. १९४१-४२ मध्ये चर्च आणि सरकार यांनी मिळून मंदिरे उद्ध्वस्त केली, वेदींवरच्या वस्तूंची होळी केली आणि लोकांकडून ल्वांचा त्याग केल्याच्या शपथा घेतल्या. पुढे हुकूमशहा फ्रांस्वा दुवालिए याने उलटी खेळी केली : काळा सूट, काळी हॅट आणि जाड चष्मा घालून तो स्मशानाचा स्वामी बावोन सामदी याच्यासारखा दिसू लागला आणि काही ऊंगानांना त्याने आपल्या दहशतीच्या यंत्रणेत ओढले. त्याची किंमत १९८६ मध्ये त्याच्या मुलाची राजवट कोसळल्यावर अनेक निरपराध पुरोहितांनी जिवाने मोजली. १९८७च्या संविधानाने ‘अंधश्रद्धाविरोधी’ म्हणवणारा १९३५चा कायदा रद्द केला, आणि एप्रिल २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांच्या आदेशाने वोदूला धर्म म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे वोदू पुरोहिताने लावलेले लग्न कायदेशीर ठरू शकते.

कागदावर मान्यता मिळाली तरी संशय गेला नाही. २०१० साली भूकंपानंतर कॉलरा पसरला, तेव्हा तो ‘पावडर’ टाकून पसरवला असा आरोप करून जमावांनी ४० हून अधिक ऊंगान आणि मांबो मारले. प्रत्यक्षात रोगजंतू संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतून नदीत गेले होते. डिसेंबर २०२४ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सच्या सिते सोलेय या गरीब वस्तीत एका टोळीप्रमुखाने आपल्या मुलाच्या आजारपणाचा दोष वस्तीतल्या वृद्ध सेवेकऱ्यांवर टाकला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार किमान २०७ माणसे ठार झाली. करणी करणाराही हैतीत असतो, त्याला बोको म्हणतात, आणि पैसे घेऊन वाईट काम करतो म्हणून प्रतिष्ठित ऊंगान त्याच्यापासून अंतर राखतात. पण सीमारेषा नेहमी स्वच्छ नसते, हे हैतीचे लोकच सांगतील.

टाचण्या टोचलेल्या बाहुलीबद्दल थोडक्यात. जिला टाचण्या टोचून शत्रूला छळायचे ती बाहुली युरोपच्या खेड्यांतल्या जुन्या जादूतली. हॉलिवूड आणि न्यू ऑर्लिन्सच्या पर्यटकी दुकानांनी ती वोदूच्या गळ्यात बांधली. हैतीत स्मशानाजवळ झाडाला टांगलेल्या बाहुल्या दिसतात, त्या मृतांकडे निरोप नेणाऱ्या असतात. न्यू ऑर्लिन्सचा वूडू हा स्वतः एक वेगळा प्रवाह आहे, आणि तिथली मारी लाव्हो ही १८८१ मध्ये वारलेली प्रसिद्ध स्त्री आजही नवसाला पावते असे लोक मानतात. तिच्या कबरीवर खुणा कोरणाऱ्यांनी इतका उच्छाद मांडला की २०१५ मध्ये ती दफनभूमी परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय येणाऱ्यांना बंद करावी लागली. झोंबीचे म्हणाल तर हैतीच्या कल्पनेतला झोंबी माणसे खात नाही. तो मेल्यावरही दुसऱ्याच्या शेतात राबत राहतो. ज्यांचे पूर्वज मळ्यांवर राबून मेले त्यांना मरणानंतरही गुलामी न संपण्याची भीती वाटणे, यात गूढ काय आहे?

आज इंटरनेटवरून कोणालाही मांबोकडून पत्त्यांवरचे भविष्य ऐकता येते. दीक्षा मात्र बहुतेक घराणी दूरस्थ देत नाहीत, कारण एकांताची खोली, हातांनी धुतलेले डोके आणि शेजारी बसून रात्रभर जागणारी माणसे पडद्यातून पोहोचत नाहीत. कांझोला हजारो डॉलर लागतात, आणि त्यात फसवणाऱ्यांचीही कमी नाही. वंशाने बाहेरच्या माणसाला वोदूत घेतले जाते, पण त्याच्याकडून अपेक्षा असते ती घराशी वर्षानुवर्षे नाते ठेवण्याची. आठवड्याच्या शिबिरात देव घेऊन परतण्याची सोय तिथे नाही. औषधोपचाराबाबतही जाणती मांबो गल्लत करत नाही. झाडपाला, स्नान आणि ल्वाचा कौल तिच्याकडे, मधुमेहाची गोळी डॉक्टरांकडे.

वर्षभरातली सर्वांत मोठी यात्रा १६ जुलैला सोदोच्या धबधब्यावर भरते. तिथे माउंट कार्मेलची मेरी आणि एझिली यांचा दिवस एकच. पांढऱ्या किंवा निळ्या कपड्यांतले हजारो लोक धबधब्याखाली उभे राहतात आणि अंगावरचे जुने कपडे पाण्यात सोडून देतात. २०२५च्या वसंत ऋतूत सशस्त्र टोळ्यांनी तो परिसर ताब्यात घेतला, आणि त्या वर्षीच्या जुलैत यात्रेकरूंना पाण्यापर्यंत जाता आले नाही. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये ११५व्या रस्त्यावर माउंट कार्मेलचे एक चर्च आहे. ते इटालियन स्थलांतरितांनी बांधले, आणि आता दर १६ जुलैला तिथे हैतीची माणसे गर्दी करतात. मिरवणुकीत कॅथलिक स्तोत्रे म्हणतात, मेरीपुढे मेणबत्ती लावतात, आणि ज्या नावाने मनात हाक मारायची त्या नावाने ती मारून संध्याकाळच्या गाडीने ब्रुकलिनला परततात.